घार, शिक्रा आणि परड्यातली पिल्लं: नवीन कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

आपल्या बेळगावकडं गावठी कोंबडीला आणि गावठी अंड्याला परत चांगला भाव आलाय, त्यामुळं वडगाव-अनगोळच्या घरामागच्या छोट्या परड्यापासून ते जांबोटी-कणकुंबीच्या शेतघरापर्यंत बरेच जण पहिल्यांदाच कोंबड्या पाळायला लागलेत. आणि पहिली खुडूक (अंडी उबवायला बसणारी कोंबडी) बसवून पिल्लं निघाली की पंधरा दिवसांत हमखास एकच प्रश्न येतो, दहा पिल्लं होती आता चारच राहिलीत, घार नेतीय, काय करू? कुणी छर्र्याची बंदूक सुचवतं, कुणी औषध घालायला सांगतं. तसलं काहीही करू नका. घारीच्या मागं लागून पिल्लं वाचत नाहीत, पिल्लांच्या डोक्यावर काहीतरी घातलं की वाचतात, आणि ते सुद्धा जन्मभर नाही, मेन म्हणजे पहिले आठ आठवडे. ते कसं करायचं ते खाली सांगतोय, आणि ज्यांच्याकडं कोंबड्या नाहीत पण बागेत चिमण्या-बुलबुलांना दाणा-पाणी ठेवतात त्यांच्यासाठी पण शेवटी लिहिलंय.

पहिलं काम: कोण नेतंय ते नीट बघा

आभाळात काहीही फिरलं की आपण घार म्हणतो, पण आपल्या भागात शिकारी पक्षी बरेच आहेत आणि त्यातले मोजकेच कोंबडीच्या वाटेला जातात.

घार तुम्हाला माहितीच आहे, तपकिरी, शेपटीला मधे खाच, उंच गोल गोल फिरते. ती एकदम लहान पिल्लू उचलते, भरलेली कोंबडी तिला उचलत नाही. मटण-मासळीचा कचरा पडतो तिथं घारी जास्त, म्हणून कोंबडी कापली की आतडी-पिसं परड्याच्या कोपऱ्यात टाकू नका, खड्ड्यात पुरा. एकदा घारीला तुमच्या परड्यात आयतं मिळालं की ती रोज एक चक्कर मारणारच.

शिक्रा वेगळा. कबुतराएवढाच, पाठ राखाडी, छातीवर तांबूस बारीक आडव्या रेघा, डोळे पिवळे नाहीतर लालसर. हा वर फिरत बसत नाही, आंब्याच्या नाहीतर फणसाच्या आतल्या फांदीवर गप्प बसतो आणि कुंपणाच्या आडून जमिनीलगत असा सुसाट येतो की पिल्लू गेल्यावरच आपल्याला कळतं. सरडे, उंदीर, चिमण्या हे त्याचं रोजचं खाणं, त्यात पिल्लं पण आली. घारीला बघून सावध होता येतं, शिक्र्याचं तसं नाही, म्हणून नवीन माणसाचं नुकसान शिक्रा जास्त करतो आणि नाव मात्र घारीचं होतं.

खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावात राहत असाल तर मोरघार पण आहे. मोठा पक्षी, बऱ्याच वेळा डोक्यावर उभी शेंडी दिसते, आणि ही मात्र वाढलेली कोंबडी पण मारते. तिथं पिल्लांपुरता बंदोबस्त पुरत नाही, मोठ्या कोंबड्यांना पण छत लागतं. तलावाकाठची ब्राह्मणी घार, ती तांबडी अंग आणि पांढरं डोकं असलेली, ती मासे-बेडकांवर जगते, क्वचित एखादं पिल्लू नेईल.

आता ज्यांना उगाच शिव्या बसतात ते. शेतावर एका जागी पंख मारत थांबणारी पांढरी, काळ्या खांद्याची कापशी, ती उंदीर आणि नाकतोडे खाते. पिवळ्या चेहऱ्याचा, शिट्ट्या घालत फिरणारा सर्पगरुड, नावातच सगळं आलं. मधुबाज मधमाश्यांची पोळी फोडून अळ्या खातो. गव्हाणी घुबड म्हणजे पांढऱ्या तोंडाचं, लोक त्याला अशुभ म्हणून हाकलतात, पण ते रात्रभर तुमच्या खुराड्याभोवतीचे उंदीर खातं. पिंगळा किडे खातो. आणि पावशा, तोच तो पावसाच्या आधी पेरते व्हा पेरते व्हा ओरडणारा, तो उडताना इतका शिक्र्यासारखा दिसतो की लोक दगड मारतात. चोच बघा, शिक्र्याची खाली वाकलेली, पावशाची सरळ. पावशा सुरवंट खाणारा पक्षी आहे, तुमच्या शेवग्याचा दोस्त.

आता पक्षी दिसलाच नाही, नुसता मागचा पसारा दिसला तर काय? दिवसाढवळ्या पिल्लू गायब आणि काहीच मागं नाही, तर घार, शिक्रा नाहीतर कावळा. मोठी कोंबडी मेलेली, आजूबाजूला पिसांचा ढीग, पिसं मुळापासून उपटलेली आणि छातीचं मांस खाल्लेलं, तर मोठा शिकारी पक्षी. एक पीस हातात घेऊन बघा, देठ अख्खा असेल तर पक्ष्यानं उपटलंय, देठ चावून तुटलेला, ओला असेल तर मुंगूस, रानमांजर नाहीतर कुत्रं. एका रात्रीत चार-पाच मारून तशाच टाकल्यात, तर तो पक्षी नव्हे, रानमांजरासारखं काहीतरी. अंडी अख्खी गायब म्हणजे बऱ्याचदा साप, अंडी टोचून फोडलेली म्हणजे कावळा किंवा कुंभारकावळा म्हणजे भारद्वाज. हे बघायला पाच मिनिटं लागतात पण त्यावर सगळं ठरतं, कारण मुंगसासाठी वर जाळी मारून उपयोग नाही, त्याला खालून अडवावं लागतं.

दुसरं काम: रात्रीचं खुराडं

हे थोडक्यात. दिवस मावळायच्या आत सगळ्या आत, दार बंद, कडी पक्की. झाडावर बसायची सवय लागू देऊ नका, झाडावर झोपलेल्या कोंबड्या मोठं शृंगी घुबड नेऊ शकतं आणि रानमांजर तर चढतंच. खिडकीला अर्धा इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली लोखंडी जाळी) मारा, पातळ चिकन जाळी रानमांजर वाकवतं. खालच्या बाजूनं जाळी फूटभर मातीत पुरा नाहीतर दगड-सिमेंटची पट्टी करा.

तिसरं काम: पहिले आठ आठवडे

सगळ्यात जास्त लक्ष इथं द्या. पिल्लू अंड्यातनं निघाल्यापासून साधारण आठ आठवडे, म्हणजे अंगावर पूर्ण पिसं येऊन अर्धा किलोच्या आसपास वजन होईपर्यंत ते घार-शिक्र्याच्या मापाचं असतं. त्यानंतर घारीचा धोका जवळपास संपतो, शिक्र्याचा बराच कमी होतो.

पहिले तीन आठवडे डालगं. बुरुडाकडनं बांबूचं मोठं डालगं आणा, पालथं घाला, आत आई आणि पिल्लं, वर दगड. आपल्या आज्या-आया हेच करत होत्या आणि यापेक्षा चांगलं काही अजून निघालेलं नाही. फटी बोटाच्या जाडीच्या असाव्यात, वारा खेळतो आणि पिल्लू बाहेर पडत नाही. रोज जागा बदला, नाहीतर खाली विष्ठा साचून पिल्लांना हगवण लागते. एप्रिल-मेच्या उन्हात डालगं झाडाखालीच ठेवा आणि पाण्याचं भांडं उथळ ठेवा, त्यात दोन खडे टाका म्हणजे पिल्लू बुडणार नाही.

तीन आठवड्यांनंतर डालगं अपुरं पडतं. मग बांबूच्या चार काठ्या आणि जाळी मारून सहा फूट बाय चार फुटाचा, अडीच-तीन फूट उंचीचा उचलून नेता येणारा पिंजरा करा, तळ नको, वरून मात्र बंद. रोज सकाळी नवीन गवतावर सरकवायचा. अर्धा दिवस यात, आणि संध्याकाळी चारनंतर कुणीतरी परड्यात असताना तासभर मोकळं सोडायचं. घरात शाळेची पोरं असली तर हे काम त्यांना द्या, हातात पुस्तक घेऊन बसली तरी चालतंय, माणूस दिसला की घार खाली यायला कचरते.

आई असलेली पिल्लं आणि गाडीवरून किंवा हॅचरीतनं आणलेली पिल्लं यात फार फरक आहे हे नवीन लोकांना कुणी सांगत नाही. आईजवळ बसून एकदा बघा. ती माती उकरत असते, मधेच थांबते, मान तिरकी करून एका डोळ्यानं आभाळाकडं बघते, आणि घार दिसली की घशातनं लांब बारीक क्र्रर्र असा आवाज काढते. त्या एका आवाजावर सगळी पिल्लं तिच्या पंखाखाली नाहीतर जवळच्या झुडपात, आणि तिथं दगडासारखी स्तब्ध, चिवचिव एकदम बंद. कुत्रं-मांजर आलं की तीच कोंबडी वेगळं ओरडते, तुटक तुटक कॉक-कॉक-कॉक. वरच्या संकटाचा आवाज वेगळा, जमिनीवरच्याचा वेगळा, आणि पिल्लांना दोन्ही समजतात. विकत आणलेल्या पिल्लांना हे शिकवायला कुणीच नसतं, ती घार आली तरी उघड्यावर दाणे टिपत बसतात. म्हणून आई नसेल तर पूर्ण आठ आठवडे जाळीच्या आत, त्यात तडजोड नको.

जात निवडताना पण थोडा विचार करा. पांढरी पिल्लं लांबून उठून दिसतात. गिरिराजा, वनराजा, कावेरी, स्वर्णधारा या रंगीत पक्ष्यांच्या जाती परड्यात पाळण्यासाठीच काढल्यात, वनराजाचे पाय लांब असल्यानं पळायला चपळ. पण वजनदार गिरिराजा फार उडत-पळत नाही, आपली बारकी गावठी मात्र घार दिसली की सरळ उडून गोठ्यात. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी गावठीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत. आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर द्या, झोकांड्या खाणारी कोंबडी शिकारी पक्षी लांबूनच ओळखतो आणि पहिली तीच नेतो.

चौथं काम: वरचं छत

पूर्ण परड्यावर छत घालायची गरज नाही, कोंबड्या दुपारभर फिरतात तेवढा कोपरा झाकला तरी पुष्कळ. पिल्लांसाठी अर्धा इंची जाळी, मोठ्यांसाठी एक इंची चालते. उंची सहा-साडेसहा फूट ठेवा, नाहीतर झाडलोट करताना रोज डोकं आपटतंय. अथणी-कागवाडकडं द्राक्षबागांवर घालायची पक्ष्यांची नेट जुनी झाली की बागायतदार काढून टाकतात, ओळखीनं मिळाली तर खर्च बराच वाचतो, फक्त उन्हानं कुजलेली नाही ना ते हातानं ओढून बघा.

जाळी ताठ ओढून बांधायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. लोंबणाऱ्या जाळीत बुलबुल, होला, साप, घुबड सगळे अडकतात आणि तडफडून मरतात. केसासारखी बारीक, दिसत नाही अशी तंगुसाची जाळी तर आणूच नका, दुकानदार स्वस्त म्हणून गळ्यात मारतात. जाड धाग्याची, रंगीत, डोळ्याला दिसणारी घ्या, पक्ष्याला दिसली की तो येतच नाही, आपल्याला तेच पाहिजे.

जाळीचं बजेट नसेल तर दोऱ्या. दोन खांबांमधे जाड सुतळी किंवा जीआय (जस्त चढवलेली) तार फूट-दीड फुटावर आडवी-उभी ओढायची. घारीचे पंख पसरले की साडेचार-पाच फूट भरतात, ती अशा चौकटीत खाली सूर मारत नाही. शिक्र्याचे पंख मात्र दोनच फुटाचे, आणि तो बाजूनं येतो, त्याला दोऱ्यांनी फारसा फरक पडत नाही. त्यामुळं तुमच्याकडं शिक्रा असेल तर बाजूला पण जाळी पाहिजे.

पावसाचं बोलायचं तर, बेळगाव शहरात एक चालतं आणि कणकुंबीत दुसरंच लागतं. तिकडच्या मुसळधार पावसात हिरवी शेडनेट पाण्यानं पोट काढते आणि फाटते, म्हणून जूनच्या आधी शेडनेट उतरवून उताराचा पत्रा नाहीतर ताडपत्री घाला, किंवा मोठ्या भोकांची जाळीच ठेवा म्हणजे पाणी निथळून जातं. वर पडलेला पालापाचोळा आठवड्याला झाडा. माकडांचा त्रास असेल तिथं नायलॉन टिकत नाही, लोखंडी जाळीच लागते.

पाचवं काम: आडोसा

छत नसलेल्या भागात पळून लपायला जागा पाहिजे, कोंबडी कुठंही असली तरी चार-पाच ढांगांत आडोसा मिळाला पाहिजे असा हिशोब धरा. करवंदीचं झुडूप, जास्वंद, मेंदी, लिंबू, कडेला बांबू. झाडं वाढेपर्यंत काय, तर जुनी बाजली, फळ्या, मोडका टेबल, चार विटांवर ठेवलेला पत्रा, बैलगाडीचा जुना सांगाडा, काहीही चालतं. निपाणी-चिकोडीकडं उसाचं पाचट आणि आपल्याकडं भाताचं पिंजर (पेंढा) भरपूर, ते काठ्यांच्या मांडवावर टाकलं की सावली पण होते. आणि दाणा उघड्या अंगणात फेकू नका, मांडवाखाली टाका, खायला कोंबड्या जिथं जमतात तिथंच धोका जास्त.

फेब्रुवारी ते मे या काळात जास्त सांभाळा. घारींची आणि शिक्र्यांची घरटी याच दिवसांत असतात, त्यांना त्यांची पिल्लं भरवायची असतात आणि नेमकं तेव्हाच आपण पण खुडूक बसवतो. जमलं तर पावसाळा संपल्यावर बसवा. घार ऊन तापून हवा वर चढायला लागली की फिरते, शिक्रा सकाळी लवकर आणि दिवस कलताना.

राखण करणारे

कळपात एक चांगला कोंबडा ठेवा. तो खायचं सोडून मान वर करून उभा असतो आणि कोंबड्यांच्या आधी हाळी देतो. सवयीचं कुत्रं पण कामाचं, पण पिल्लांशी त्याची ओळख लहानपणापासून करून द्या.

आणि कोतवाल! काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, तारेवर बसतो तो. आकारानं घारीच्या पासंगालाही पुरत नाही, पण त्याचं घरटं जवळ असेल तर घार, कावळा, शिक्रा कुणालाही सोडत नाही, वरून येऊन पाठीवर टोचून पार लांब हाकलून येतो. बुलबुल, होले, हळद्या मुद्दाम त्याच्या शेजारी घरटं करतात ते याच्यासाठीच. परड्याच्या कडेला एक-दोन उंच वाळक्या काठ्या रोवून ठेवा त्याला बसायला, आणि किडे मारायच्या औषधाचा फवारा कमी करा, त्याचं पोट किड्यांवर आहे. फुकटचा राखणदार आहे तो, त्याच्या झाडाची फांदी छाटायची असेल तर घरटं संपेपर्यंत थांबा.

जुन्या सीडी, चमकी पट्टी, बुजगावणं हे सगळं चार-आठ दिवस चालतं, मग पक्ष्यांना कळतं की हे हलत नाही काही करत नाही. वापरायचंच तर दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला, आणि फक्त छत तयार होईपर्यंतची सोय म्हणून वापरा.

बागेतल्या चिमण्या-बुलबुलांसाठी

शिक्रा एखादी चिमणी नेतो ते त्याचं पोट आहे, ते पूर्ण थांबवता येत नाही आणि थांबवू पण नये. पण आपण एका ठिकाणी दाणे टाकून पक्षी गोळा करतो आणि त्यांना पळायला जागा ठेवत नाही, ते मात्र आपल्या हातात आहे. दाण्याचं भांडं दाट झुडपापासून आठ-दहा फुटांवर ठेवा. झुडूप लांब असेल तर शिक्र्यापासून पळता येत नाही, अगदी चिकटून असेल तर मांजर दबा धरून बसतं. भांड्यावर छोटं छप्पर करा. कणी, बाजरी, नाचणा थोडा थोडा घाला, शिजलेला भात उघड्यावर पसरला की कावळे येतात आणि कावळे आले की घरटी लुटतात.

भांडं खिडकीच्या काचेजवळ असेल तर एकदम जवळ, तीन फुटाच्या आत ठेवा, नाहीतर चांगलं तीस फूट लांब. मधल्या अंतरावरून घाबरून उडालेला पक्षी पूर्ण वेगात काचेवर आपटतो. काचेवर बाहेरच्या बाजूनं एकमेकींपासून चार बोटं अंतरावर दोऱ्या सोडल्या किंवा जाळीचा पडदा लावला तरी चालतंय.

शिक्रा रोजच यायला लागला तर दहा-पंधरा दिवस दाणा बंद करा, फक्त पाणी ठेवा. पक्षी पांगतात, शिक्रा दुसरीकडं जातो, मग परत सुरू करा. सातभाईंचा कलकलाट किंवा खारीचं सतत चिक् चिक् ऐकू आलं की वर बघायची सवय लावून घ्या, कुठंतरी मांजर, साप नाहीतर शिक्रा असणारच.

हे करू नका, आणि पक्षी अडकला तर

शिकारी पक्ष्याला मारणं, पकडणं, त्याची अंडी-पिल्लं काढणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतं. मेलेल्या पिल्लाला थिमेट (शेतातलं विषारी कीटकनाशक) लावून ठेवणं तर अतिशय वाईट, ते घार खाईलच असं नाही, शेजाऱ्याचं कुत्रं खाईल, मुंगूस खाईल, तुमचीच कोंबडी टोचेल. उंदरांचं विष सुद्धा जपून, तो उंदीर खाऊन घुबड मरतं आणि मग उंदीर दुप्पट होतात, त्यापेक्षा सापळा लावा. कोंबड्या अचानक एकामागून एक मरायला लागल्या तर मेलेल्या उघड्यावर फेकू नका, जनावरांच्या डॉक्टरांना कळवा आणि ते सांगतील तसं चुना टाकून खोल पुरा.

पिलाच्या मागं शिक्रा खुराड्यात शिरला आणि आत अडकला असं होतंच. घाबरू नका. आधी कोंबड्या बाहेर काढा, मग एकच दार सताड उघडं ठेवून बाकीच्या खिडक्यांवर पोती टाका आणि लांब जाऊन थांबा, उजेड दिसेल तिकडं तो आपोआप निघून जातो. जाळीत गुंतला असेल तर ओढू नका. जाड टॉवेल किंवा पोतं अंगावर टाका, डोकं झाकलं की तो शांत होतो. चोचीपेक्षा नख्या वाईट असतात, म्हणून पाय आधी टॉवेलात धरा आणि जाळी कात्रीनं कापा, जाळीचा जीव बघू नका. सोडायच्या आधी पायात, पंखाखाली एखादा धागा राहिलाय का ते नीट तपासा, राहिलेला धागा नंतर कुठल्यातरी फांदीत अडकून त्याचा जीव घेतो. पंख लोंबत असेल किंवा उभा राहता येत नसेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, अंधारात, पाणी-दूध चोचीत ओतायचं नाही, आणि अरण्य खात्याच्या 1926 नंबरवर फोन करा.